आतून कडी

"घरात अठरा वर्षांवरची माणसं किती?" मी विचारलं.

"चार," रामलाल शहारे म्हणाला. "माही माय, मी, माहा लहान भाऊ हिरालाल अन् त्याची बायको. हिरा नागपूरले असते गोडाऊनवर, पंधरा दिवसातून येते. माही मंडळी माहेरी हाये."

"कधीपासून?"

"झाले दोन सालं. लिवू नोका तिले."

मी लिहिलं नाही. वयाप्रमाणे चार नावं मांडली. सायत्राबाई, साठ. रामलाल, अडतीस. हिरालाल, तीस. इंद्रकला, चोवीस. मग पिशवीतून तक्ता काढला. घरातल्या कोणाला प्रश्न विचारायचे हे तो तक्ता ठरवायचा. फॉर्मच्या नंबरातला शेवटचा आकडा उभ्या रकान्यात बघायचा, घरातली माणसं आडव्या रकान्यात, आणि दोन्ही जिथं मिळतील तिथला आकडा म्हणजे आपला माणूस. माझं बोट चारावर थांबलं.

"इंद्रकलाबाईंना बोलवा."

रामलाल हसला. "तिले काय समजते जी? लिवा, मी सांगतो. ह्या घराचं मत म्हंजे माहंच मत."

"आम्हाला घराचं मत नको असतं. माणसाचं लागतं," मी म्हणाले. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे आणि दहाही वेळा मला ते आवडत असे.

दोन हजार एक सालचा फेब्रुवारी होता. आदल्या नोव्हेंबरात देशात तीन नवी राज्यं झाली होती, आणि आता आपला नंबर, असं नागपुरात चहाच्या टपरीपासून विद्यापीठापर्यंत जो तो म्हणत होता. विदर्भ वेगळा व्हावा की नाही याबद्दल गावोगावच्या लोकांना खरोखर काय वाटतं, ते एका संस्थेनं तपासायला घेतलं होतं. मी तेवीस वर्षांची, राज्यशास्त्रात एम.ए. झालेली, आणि घरी लग्नाची बोलणी चालू असल्यामुळे घराबाहेर राहायला मिळेल ते कुठलंही काम करायला तयार. भंडारा जिल्ह्यातली वैनगंगेच्या काठची गावं माझ्या वाट्याला आली होती. घराघरात बिड्या वळणारी गावं. दारोदार तेंदूच्या पानांचे भिजवलेले पुडे आणि गावभर तंबाखूचा वास.

लोक काय वाट्टेल ते सांगत. एक मास्तर तासभर नव्या राजधानीवर भाषण देऊन शेवटी "माझं नाव लिहू नका" म्हणाले. एका म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "दोन सालाआंदी गोंद्या जिल्हा आमच्यातून वेगळा काढला. आमाले काय भेटलं? आंब्याची फोड केली तं दोघाइलेबी अर्धाच आंबा." मी त्याला 'नाही'मध्ये टाकला. माझं स्वतःचं मत 'होय' होतं, पण ते सांगायला मनाई होती.

मनाया बऱ्याच होत्या. प्रश्न छापला तसाच वाचायचा. अर्थ सांगायचा नाही, फार तर पुन्हा वाचायचा. माणसाला एकटं गाठायचं. आणि मिळालेलं उत्तर कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही. आमचे सुपरवायझर काळमेघ सर रोज संध्याकाळी फॉर्म तपासत आणि अर्धवट भरलेले बाजूला फेकत. बिडीच्या डेपोत खराब बिड्या बाजूला काढतात त्याला तिकडे 'छाट' म्हणतात. सरांनी तो शब्द उचलला होता. "आज किती छाट?" असं ते विचारायचे. माझी छाट तोवर शून्य होती. तीनशे फॉर्ममध्ये शून्य.

रामलालही छाट काढणाराच होता. गावातल्या डेपोत तो चेकर होता. बायका बिड्यांचे कट्टे घेऊन यायच्या आणि तो ठरवायचा कुठली बिडी चांगली, कुठली छाट. तो ओट्यावर आला तेव्हा शेजारच्या दोन बायका गप्प झाल्या आणि पदर सावरून उठून गेल्या. माणसाला गावात मान आहे, असं मला वाटलं.

मी नियम दाखवला तेव्हा त्यानं खांदे उडवले. "पुसा बावा. मागच्या आंगनात हाये ते."

इंद्रकला परसदारी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सूप, हातात कैची. पत्र्याचा छोटा तुकडा पानावर ठेवून ती कडेकडेनं पान कापत होती. माझ्याकडे बघून हसली, पण हात थांबला नाही. चोवीस वर्षांची बाई, पण गळ्याजवळची हाडं वर आलेली. तिच्या मागेच घराची एक खोली होती, दार परसात उघडणारं. दार उघडंच होतं.

"घाबरू नका," मी म्हणाले. "तुम्ही सांगाल ते माझ्या कागदावर राहील. तुमचं नाव कुठं छापत नाही, कोणाला सांगत नाही."

"भासऱ्याले?"

"तुमच्या थोरल्या दिरांनासुद्धा नाही."

तिनं पान खाली ठेवलं.

मी वाचलं, "विदर्भाचे स्वतंत्र राज्य व्हावे, असे आपणांस वाटते काय?"

"इदर्भ म्हंजे?"

मी पुन्हा वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. साडेचारची एस.टी. होती आणि अजून दोन घरं बाकी होती. मी फॉर्म मांडीवर उलटा ठेवला.

"हे बघा, सोपं आहे. वेगळं व्हायचं का, की आहे तसं एकत्रच राहायचं?"

"वेगळं निघाचं का म्हंता?"

"हं. वेगळं निघायचं का?"

तिनं एकदा घराच्या मधल्या दाराकडे पाहिलं. आत सायत्राबाई भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. इंद्रकला पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "होय."

"लगेच की पाच वर्षांनी?"

"पाच सालं?" ती घाबरली. "नाही जी. आत्ताच."

"एकत्र राहून अन्याय झाला, असं वाटतं का?"

तिनं नुसती मान हलवली. मी 'होय'वर खूण केली आणि पुढची यादी वाचली. पाणी, वीज, रस्ते, नोकऱ्या. ती कशालाच हो म्हणेना, तेव्हा मीच विचारलं, "पाणी लांबून आणावं लागतं?"

"आणते नं मी. पाण्याचं काही नाही."

"बरं. वेगळं झाल्यावर खर्च भागेल का?"

"भागंल," ती चटकन म्हणाली. "हजार बिडी वळते मी रोज. मन लावलं तं बाराशे. ह्यायचा पगार हाये. दोघं तं हाओ आमी. खोली भेटली नागपूरले तं एका चुलीवर भागंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कुठल्या वेगळं होण्याबद्दल बोलते आहे. हे मला आज कबूल करायलाच हवं. आठव्या प्रश्नाला मला सगळं कळलं होतं. फॉर्म फाडायचा, नवा घ्यायचा, पहिल्यापासून वाचायचं, हा नियम होता. पण तिची उत्तरं कशी चपखल बसत होती! होय, ताबडतोब, खर्च भागेल. मला हसू येत होतं आणि ते मी दाबत होते.

"शेवटचा. वेगळं झाल्यावर सगळ्यात आधी काय व्हावं?"

याला मात्र तिनं वेळ लावला. मांडीवरची पानं एकाखाली एक सारखी केली. मग मागच्या खोलीकडे न बघता हातानंच तिकडे दाखवलं.

"दाराले कडी पायजे. आतून."

"कडी?"

"आतून लागणारी."

चोरांची भीती असेल, असं मला वाटलं. एवढंच वाटलं. यादीत सिंचन होतं, वीज होती, उद्योग होते, आणि सहावा पर्याय होता 'कायदा आणि सुव्यवस्था'. मी सहावर गोल केला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आता काय होते मंग?"

"आता हे वर जाणार. सगळ्यांची मतं गोळा करून सरकारला दाखवणार."

"किती दिवस लागते?"

"लागतील काही महिने."

ती उठून आत गेली आणि पितळी पेल्यात पाणी आणलं. मी पाणी पिऊन होईपर्यंत ती समोर उभी राहिली. मग म्हणाली, "मले असं कोनंच पुसलं नव्हतं आजवर." मी हसून पेला परत दिला.

संध्याकाळी तालुक्याच्या गावी, लॉजसमोरच्या हॉटेलात, काळमेघ सरांना मी तो किस्सा सांगितला. कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही हा नियम मला पाठ होता, पण सर म्हणजे 'कोणी' नव्हेत, असं मी मनाशी धरलं. मी नकलाही बऱ्या करते. "पाच सालं? नाही जी, आत्ताच!" हे मी तिच्या आवाजात म्हटलं. सरांना ठसकाच लागला.

"आणि कडीचं काय लिहिलंत?"

"कायदा आणि सुव्यवस्था."

सरांच्या बशीतला चहा टेबलावर सांडला. "बोधनकर, तुम्ही फार पुढं जाणार."

"सर, फॉर्म छाट करावा लागेल ना?"

"कशाला? होयचं होय आहे. रकाना भरलाय." त्यांनी सही केली आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

सर वाईट माणूस नव्हते. आज हयात नाहीत. खेड्यातल्या माणसांत मिसळायला, त्यांची थट्टा करायला त्यांना मनापासून आवडायचं. दहा फॉर्ममागे एका घरी त्यांना स्वतः जाऊन खात्री करावी लागे, की फॉर्म भरणारी मुलगी खरंच तिथं गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शहाऱ्यांचंच घर निवडलं. मला बरोबर घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा रामलाल ओट्यावर दाढी करत होता. समोर आरसा, गालाला साबण. सायत्राबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. सरांनी नमस्कार केला, पीकपाणी विचारलं, आणि मग सायत्राबाईंकडे वळून डोळे मिचकावत म्हणाले, "काय आजी, सून वेगळं मागते म्हणे!"

सायत्राबाईंचा हात तांदळात थांबला. रामलालचा वस्तराही थांबला.

"काय मागते?" तो म्हणाला.

"अहो, राज्य!" मी घाईनं मध्ये पडले. "सर थट्टा करताहेत. विदर्भ वेगळा व्हावा, असं इंद्रकलाबाईंनी सांगितलं काल."

"असं," रामलाल म्हणाला. त्यानं हळूहळू गालावरून वस्तरा ओढला. "मंग ठीक हाये. आमचंबी होयच हाये."

सर हसले, तो हसला, मीही हसले. निभावलं, असं वाटलं. तेवढ्यात मधल्या दारात इंद्रकला येऊन उभी राहिली. तिच्या हातात आमच्यासाठी पाण्याचे पेले होते. ते तिनं खाली ठेवले.

"म्या राज्याचं नाही सांगतलं," ती म्हणाली. "म्या घराचं सांगतलं."

रामलालनं वस्तरा खाली ठेवला.

"मले वेगळं निघाचं हाये. ह्या बाईनं लिवून नेलं. वर जाते ते, सरकारात." ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आजही विसरलेली नाही. तिला धीर आला होता. दोन सरकारी माणसं ओट्यावर बसली होती, आणि त्यातलं एक तिचं होतं. "सांगा नं बाई तुमी. पुसलं होतं नं?"

रामलालनं अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्याकडे मान वळवली. "काय जी? घराचं पुसलं तुमी?"

खरं सांगायचं तर मला तेव्हा तिची काळजी वाटली नाही. मला फॉर्म दिसला. शब्द बदलून विचारलेला प्रश्न दिसला. मी म्हणाले, "नाही. आमच्या फॉर्ममध्ये घराचा प्रश्नच नाही."

हे शब्दशः खरं होतं.

"त्यांचा गैरसमज झालाय," मी पुढं म्हणाले. "राज्याचाच प्रश्न होता."

"तूच तं पुसलं, बाई," इंद्रकला म्हणाली. आत्ताच ती मला तुमी म्हणाली होती. "वेगळं निघाचं का म्हून, तूच तं पुसलं."

मी पिशवीतून कोरा फॉर्म काढून दाखवला. छापील ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती त्या बोटाकडे बघत राहिली आणि मग आत गेली. सर उठले, "बरं, निघतो आम्ही, गाडीची वेळ झाली," म्हणाले. गाडीला दीड तास होता. रामलालनं पुन्हा साबण लावला.

एस.टी.च्या थांब्यावर सर बाकावर बसले. मग म्हणाले, "सासू-सुनेचं असतं हो काहीतरी. घरोघरी मातीच्या चुली." मी हो म्हणाले.

अहवाल मे महिन्यात निघाला. 'होय' म्हणणारे किती टक्के होते, ते आज मला आठवत नाही. त्यात एक इंद्रकला होती, एवढं आठवतं. माझी छाट शेवटपर्यंत शून्य राहिली आणि त्याच जोरावर मला त्या संस्थेत नोकरी मिळाली. मी नागपुरातच बर्डीजवळ एक खोली घेतली. घरच्यांपासून वेगळी निघाले, असं आई सगळ्यांना सांगायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्या खोलीची कडी निखळून माझ्या हातात आली. लाकूड कुजलं होतं. सुतार म्हणाला, उद्या येतो. मी दार लोटलं आणि समोर बसले. मग उठून ट्रंक ओढून दाराला लावली. ट्रंकेवर पाण्याचा हंडा ठेवला. तरी चैन पडेना, तेव्हा मी स्वतःच जाऊन ट्रंकेवर बसले. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की मी पाय जमिनीला रेटायचे. घरमालक सज्जन होते, वर त्यांची सून, मुलगी राहत होत्या, भिण्यासारखं काहीच नव्हतं. आणि तशी बसले असताना मला परसातला तो हात आठवला, खोलीकडे न बघता खोली दाखवणारा. पंधरा पंधरा दिवस नवरा घरी नाही. गावातल्या बायका ज्याला बघून उठून जातात तो माणूस घरात. त्याची बायको दोन वर्षं माहेरी. आतून लागणारी, म्हणाली होती ती. चोरांच्या भीतीनं माणूस बाहेरून कुलूप घालतो.

सुतार आला तेव्हा मी त्याला दोन कड्या आणायला लावल्या. एक माझ्या दाराला बसवून घेतली. दुसरी कोयंड्यासकट, स्क्रूच्या पुडीसकट पिशवीत घातली आणि सकाळची गाडी धरली.

कडी देऊन काय होणार होतं, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिच्यासमोर उभं राहून, हो, मीच विचारलं होतं, असं म्हणायचं होतं.

घरी सायत्राबाई एकटीच होती. परसात, इंद्रकला बसायची त्याच जागी, पानं कापत बसली होती. तीच कैची, तोच पत्रा. हात मात्र संथ.

"फारमवाली," ती म्हणाली. ओळखलं तिनं.

"इंद्रकला कुठं आहे?"

तिनं एक पान पुरं कापलं. "झाली वेगळी."

"नागपूरला गेले दोघं?"

"हिरा हाये नागपूरले. ते गेली." तिनं कैची खाली ठेवली. "पोळ्याच्या आदल्या दिवशी नदीवर गेली लुगडे धुवाले. आली नाही. मी गेली पाहाले. सगळे लुगडे धुतलेले होते, बाई. माहेबी. पिळून दगडावर ठेवले होते, घडी करून. तिसऱ्या दिवशी खालच्या घाटावर भेटली."

मी खाली बसले. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला काय अधिकार होता? माझ्या तोंडून एवढंच निघालं, "माझ्यामुळं झालं."

सायत्राबाईनं सुपातली कापलेली पानं सारखी केली.

मागच्या खोलीचं दार आज बंद होतं. त्याला बाहेरून एक कडी होती. नवी, जाड, कुलूप घालता येईल अशी. माझी नजर तिथं गेलेली तिनं पाहिली.

"तुमी आल्ते त्याच दिवशी लावली रामलालनं. पळून जाईल म्हने." मग माझ्या पिशवीकडे हात केला. "काय आणलं?"

"कडी."

तिनं ती काढून घेतली. उलटीसुलटी केली. कोयंड्यात अडकवून पाहिली, काढली, पुन्हा अडकवली.

"तिनं सांगतलं होतं तुमाले?"

"हो. वेगळं झाल्यावर आधी काय पाहिजे, असं मी विचारलं होतं."

"मंग तुमी काय लिवलं?"

मी पिशवीतून स्क्रूची पुडी काढून तिच्यापुढं ठेवली.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "मोठीनं पाहलं अन् माहेरी गेली. म्या पाहलं अन् रायली." ती शांतपणे बोलत होती, एकेक शब्द पान कापल्यासारखा. "त्या दिवशी तुमी चार नावं लिवले. मी वर होती. तुमचं बोट खाली गेलं."

"तुमच्यावर थांबलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?"

तिनं खरोखरच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "कशी सांगीन? पोटचा हाये."

थोड्या वेळानं तिनं गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं. बाहेरची कडी काढून दार ढकललं. आत एक खाट, कोनाड्यात फणी, दोरीवर काहीच नाही.

"हिराचं जमलं हाये. पुढच्या महिन्यात लगन. पवनीकडची पोरगी हाये, एकोणीस सालाची." ती कडी माझ्यापुढे धरून उभी होती. "रामलाल पाचाले येते डेपोतून. त्याच्या आंदी लावून दे मले. आतून."

पेचकस मी आणला नव्हता. सायत्राबाईनं कैची दिली. मी चौकटीवरून बोट फिरवत जागा शोधू लागले, तर बोटाला भोकं लागली. चार, बरोबर कडीच्या मापाची, मेण भरून बुजवलेली.

"होती पहिले," ती मागून म्हणाली. "हिराचं लगन झालं तवा रामलालनं काढली. त्याच आठवड्यात."

मी कैचीच्या टोकानं मेण कोरून काढलं. जुन्या भोकांत स्क्रू सैल बसत होते, तेव्हा तिनं तेंदूच्या पानाच्या चिंध्या करून दिल्या. त्या आत दाबल्या आणि मी एकेक स्क्रू कैचीच्या पात्यानं फिरवत गेले. पातं दोनदा घसरून बोटाला लागलं. ती माझ्याजवळ उभी राहून बघत होती आणि प्रत्येक स्क्रू घट्ट झाला की स्वतः हातानं ओढून बघत होती. चार वाजत आले होते.

"काढून टाकली त्यानं पुन्हा, तर?" मी विचारलं.

"काढू दे नं. मी हाओ अजून," ती म्हणाली, आणि मला हातानं बाजूला केलं. "सरक. पाहू दे लागते का."

मी बाहेर आले. तिनं दार ओढून घेतलं. आतून कडी कोयंड्यात पडल्याचा आवाज आला. मी बाहेरून दार ढकललं. हललं नाही.

"लागते," ती आतून म्हणाली.

मी वाट बघत राहिले. गाडीची वेळ होत आली होती. तिनं दार उघडलं नाही. बऱ्याच वेळानं मला ऐकू आलं की ती दाराला पाठ लावून खाली बसली आहे आणि रडते आहे. आधी पदर तोंडात धरून, आणि मग आतून कडी आहे हे लक्षात आल्यासारखी, मोठ्यानं.